निळ्याशार आभाळाखालचा ओझोन

वाळवंटातल्या शहराची हवा खराब आहे म्हटले की आधी धूळ आठवते. ॲरिझोनातल्या फिनिक्सबाबत तर हमखास. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत तिथे हजारो फूट उंचीची धुळीची भिंत शहरावर चालून येते आणि तिची छायाचित्रे जगभर फिरतात. या शहराचे उन्हाळ्यातले मोठे दुखणे मात्र कॅमेऱ्यात सापडत नाही. ते म्हणजे जमिनीलगतचा ओझोन. अमेरिकन लंग असोसिएशनच्या वार्षिक अहवालात ओझोनने सर्वाधिक ग्रासलेल्या महानगरांमध्ये फिनिक्सचे नाव वर्षानुवर्षे वरच्या रांगेत असते. लोकांच्या समजुती मात्र अजून धुराच्या आणि धुळीच्याच आहेत. फिनिक्सच्या चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात मुलांकडे राहायला जाणारे आईवडीलही त्याच समजुती सोबत नेतात.

‘ओझोन तर आपला रक्षक!’

वर असेल तेव्हा. वातावरणातला सुमारे ९० टक्के ओझोन खूप उंचावर, स्थितांबरात असतो आणि तिथे तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तोच वायू श्वासावाटे आत गेला की श्वसनमार्गाचे अस्तर भाजून काढतो. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राशी फिनिक्सच्या दुखण्याचा काही संबंध नाही.

‘कुठल्या तरी कारखान्याची चिमणी असणार’

ओझोन कोणतीही चिमणी थेट ओकत नाही. तो हवेतच तयार होतो. गाड्या, ट्रक, वीजकेंद्रे यांच्या ज्वलनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पेट्रोलची वाफ, रंग, थिनर, सफाईची द्रावणे, एवढेच काय काही झाडेसुद्धा बाष्पनशील सेंद्रिय संयुगे सोडतात. कडक उन्हात नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. सेंद्रिय संयुगे हे चक्र फिरते ठेवतात. हा उलगडा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर काम करताना केला. त्याआधी हे गृहस्थ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाची रसायने तपासत होते!

आता फिनिक्स पाहा. चहूकडे डोंगर आणि मधल्या खोलगट भागात, म्हणजे मॅरिकोपा काउंटीत, ४५ लाखांहून अधिक वस्ती. गाडीशिवाय पान हलत नाही. पाऊस जेमतेम आणि ऊन मुबलक. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या वर होता. अशा उष्म्यात टाकीतले पेट्रोलही जास्त उडते. म्हणून तिथे उन्हाळ्यात पेट्रोल अंधार पडल्यावर भरा असे सांगतात. पेट्रोलवर चालणारी गवतकापणी यंत्रे देऊन बॅटरीची घेणाऱ्यांना काउंटीने सवलतही दिली. कुणाला हे किरकोळ वाटेल, पण असल्या छोट्या इंजिनांतून न जळलेले इंधन बरेच बाहेर पडते.

‘आकाश निळे, म्हणजे हवा स्वच्छ’

या समजुतीने सगळ्यात जास्त फसवणूक होते. फिनिक्सवर तपकिरी पट्टा दिसतो तो मुख्यतः हिवाळ्याच्या सकाळी. थंड हवा खाली अडकून बसते आणि तिच्यात काजळी, धूळ, धूर साचतो. लोक तो पट्टा पाहून प्रदूषणाबद्दल बोलतात. उन्हाळ्यात पट्टा नसला की विषय संपला. ओझोनला मात्र रंग नाही. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, ऊन रणरणते, हीच त्याची सुगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्षयाचे रुग्ण कोरड्या, स्वच्छ हवेसाठी ॲरिझोनात येत. फिनिक्सच्या सनीस्लोप भागात त्यांची तंबू-झोपड्यांची वस्ती होती. त्या काळची ती कीर्ती अजून लोकांच्या मनातून जात नाही.

‘शहरात त्रास होतोय? डोंगराकडे जाऊ’

हा सल्ला अंगाशी येऊ शकतो. गाड्यांच्या नळीतून बाहेर पडणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून ऐन महामार्गाच्या कडेला ओझोन बऱ्याचदा कमी भरतो. (त्या कडेला इतर घाण भरपूर असते, तेव्हा तिथे मुक्काम ठोकू नये.) दिवसा फिनिक्सची हवा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे, चढाच्या दिशेने सरकते. शहराने सकाळी सोडलेला माल उन्हात शिजत दुपारनंतर मेसा, अपाची जंक्शन आणि पुढे सुपरस्टिशन डोंगरांकडे पोचतो. शहराबाहेर टोंटो राष्ट्रीय स्मारकाच्या निवडुंगांत बसवलेले मोजणी केंद्रही चढे आकडे दाखवते. रात्री शहरात ओझोन ओसरतो, पण डोंगरात त्याला खाणारा गाड्यांचा वायू नसल्याने तो बराच वेळ रेंगाळतो.

म्हणजे इथे ठिकाणापेक्षा घड्याळ महत्त्वाचे. ओझोन सकाळी उशिरापासून चढतो आणि दुपारी दोन ते संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वात जास्त असतो. एप्रिल-मेमध्ये ‘ऊन जरा उतरले’ म्हणून पाच वाजता फिरायला निघणारे आजोबा नेमकी चुकीची वेळ गाठतात. सकाळी लवकर निघावे, उष्म्यासाठीही तेच बरे.

‘इथल्यांना सवय झालीय’

ही समजूत अर्धी खरी, म्हणूनच जास्त धोक्याची. रोज ओझोन छातीत गेला की काही दिवसांनी खोकला आणि खोल श्वास घेताना होणारे दुखणे कमी होते. पेशींची इजा मात्र चालू राहते, असे प्रयोगांत दिसले आहे. सर्वाधिक फटका बसतो तो दम्याच्या रुग्णांना, मुलांना, वृद्धांना आणि उघड्यावर राबणाऱ्यांना. धडधाकट माणूसही उन्हात धावू लागला की पटीने जास्त हवा आत ओढतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात जास्त ओझोनच्या गावांत तीन किंवा अधिक मैदानी खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये नव्याने दमा होण्याचा धोका, न खेळणाऱ्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक आढळला. खेळ बंद करा असा याचा अर्थ नाही. सराव सकाळी घ्यावा.

‘मास्क लावला, दारे लावली, झाले’

एन-९५ मास्क कण गाळतो, ओझोन वायू आहे. दारे-खिडक्या लावून एसी चालू ठेवला तर घरातला ओझोन बाहेरच्यापेक्षा बराच कमी राहतो, हे खरे. पण ॲरिझोनातल्या जुन्या, गरीब घरांत अजून वाळ्याच्या टट्ट्यांच्या तत्त्वावर चालणारे कूलर आहेत. कूलर बाहेरची हवाच ओल्या जाळीतून आत ढकलतो आणि तिच्याबरोबर ओझोनही येतो. पैसेवाल्याचे घर बंद राहते, गरिबाचे राहत नाही. हवा ‘शुद्ध’ करायला ओझोन सोडणारी यंत्रे विकत मिळतात, ती मात्र कुणीच घेऊ नयेत.

‘सगळा बाहेरून येतो’

थोडा येतो. कॅलिफोर्नियातून, मेक्सिकोतून, वणव्यांच्या धुरातून. पण बाहेरच्याकडे बोट दाखवून घरचा वाटा कमी होत नाही. अमेरिकेची २०१५ची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला अब्जात ७० भाग अशी आहे. ती न पाळल्याने फिनिक्स २०१८ साली उल्लंघनाच्या सर्वात सौम्य गटात होते. मुदतीत सुधारणा न झाल्याने २०२२ साली त्याची रवानगी पुढच्या, ‘मध्यम’ गटात झाली. माझ्या मते दोष हवामानापेक्षा गाडीवर बेतलेल्या शहररचनेचा जास्त आहे.

भारताची मर्यादा आठ तासांना घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे ५० भाग. अमेरिकेपेक्षा कडक. विदर्भात उन्हाळा कूलरवरच निघतो आणि ऊनही फिनिक्सची बरोबरी करते. तेव्हा नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी मे महिन्यात दुपारी चार वाजता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप उघडून जवळच्या केंद्राचे आकडे पाहावेत. धुळीच्या आकड्यावर थांबू नका, ओझोनची ओळही वाचा. आकडा मर्यादेवर गेलेला असेल आणि घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्या दिवशीचे बाहेरचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा.