चालत्या घरातला मंद दिवा

कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या पिढीला दिवा मंद करणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. लेकरू झोपले, आजारी माणसाचा डोळा लागला, की घरातले कुणीतरी उठून वात खाली करी. वीज आली आणि ही सोय हळूहळू मागे पडली. दिवा एकतर चालू, नाहीतर बंद. पंख्याला रेग्युलेटर मिळाला, दिव्याला तो क्वचितच कुणी दिला. घरात त्यावाचून निभते. पण रात्रभर रस्त्यावर असणाऱ्या गाडीत मंद दिवा ही चैन नाही, गरज आहे. आज त्याविषयी बोलू.

आमचे मोहाडी भंडारा-तुमसर रस्त्यावरचे गाव. हा सारा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक मंडळांचे मोठे केंद्र. तिथून मंडळे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी जातात. नाटक रात्री उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव. कलावंतांची झोप बरेचदा गाडीतच होते. यात्रेला, उरुसाला, पंढरीच्या वारीला निघालेल्या गाड्यांचेही तसेच. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा चाकांवरचे घर हा शब्दप्रयोग शहरात ऐकू येऊ लागला. अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात. आमच्याकडे नाव नव्हते, पण असे घर चालत होतेच.

या गाड्यांत आता एलईडीच्या पांढऱ्याशुभ्र पट्ट्या लागल्या आहेत. मागे कुणी चेहऱ्याचा रंग पुसत असतो, कुणी डबा खात असतो, म्हणून दिवा हवा. त्याच वेळी शेजारी कुणी झोपलेले असते. आणि पुढे चालक जागा असतो. खरा प्रश्न त्याचा आहे. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि झगझगीत दिव्याने तो सराव काही क्षणांत मोडतो. शिवाय गाडीच्या आतला उजेड समोरच्या काचेवर उमटतो. त्या प्रतिबिंबाआड रस्त्यावर उभी असलेली बैलगाडी किंवा बिनदिव्याची ट्रॉली दिसायला क्षणभर उशीर होतो. तेवढा उशीर पुरेसा असतो. दिवा मंद करण्याचे पहिले कारण हे. झोपेचे सुख त्यानंतर.

मग घरातला पंख्याचा रेग्युलेटर काढून गाडीत लावावा का? मुळीच नाही. घरात २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज असते, तिला एसी म्हणतात. गाडीतली वीज बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी. जीप, व्हॅन, ट्रॅव्हलर यांत ती १२ व्होल्टची असते. मोठ्या बस-ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टची. घरचे उपकरण तिथे काम करणार नाही.

दुसरी अडचण एलईडीच्या स्वभावात आहे. जुन्या बल्बमध्ये तार तापून उजळत असे. वीज कमी केली की तार कमी तापे, उजेड उतरे आणि तांबूस होई. एलईडीत तापणारी तार नसते. १२ व्होल्टच्या पट्टीत साधारणपणे तीन-तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाला पेटायला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना नऊ. व्होल्टेज नऊच्या खाली गेले की दिवा जवळजवळ विझतो, आणि त्याच्या थोडे वर गेले की झपाट्याने उजळतो. म्हणून व्होल्टेज कमी-जास्त करून त्याचा उजेड नीट आवरता येत नाही.

त्यावरचा उपाय गमतीदार आहे. एलईडीचा डिमर वीज कमी करत नाही. ती सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा चालू-बंद करतो. पंखा जोरात फिरताना त्याची पाती वेगवेगळी दिसत नाहीत, तसा हा लुकलुकाटही डोळ्याला कळत नाही. चालू राहण्याचा वेळ जास्त, तर उजेड जास्त. बंद राहण्याचा वेळ जास्त, तर उजेड मंद. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. डिमर घेताना हीच तीन अक्षरे आणि ‘१२-२४ व्होल्ट डीसी’ हे शब्द पाहून घ्यावेत. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत प्रत्यक्षात १४ व्होल्टच्या आसपास वीज असते, तीही त्याने सोसली पाहिजे.

आता हिशेब. साधी पट्टी मीटरला सुमारे पाच वॅट वीज घेते, जास्त तेजाची चौदा वॅटपर्यंत. समजा साधी पट्टी चार मीटर लावली. वीस वॅट झाले. त्याला १२ ने भागले की सुमारे १.७ ॲम्पिअर येतात. तेजस्वी पट्टी असेल तर तेच पावणेपाच ॲम्पिअरच्या घरात जाते. डिमर या आकड्याच्या दीडपट क्षमतेचा तरी घ्यावा. काही गोल दिव्यांच्या पोटात स्वतःचे सर्किट असते. ते डिमरला जुमानत नाहीत, फडफडतात. त्यांच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिले आहे का, ते आधी बघावे. आणखी एक. एलईडी मंद केला तरी कंदिलासारखा तांबूस होत नाही, गोरा असेल तर गोराच राहतो. झोपायच्या जागेसाठी मुळातच पिवळसर, ‘वॉर्म व्हाइट’ पट्टी घ्यावी.

जोडणीचा क्रम असा: बॅटरी, फ्यूज, बटण, डिमर आणि शेवटी दिवा. काम सुरू करताना इंजिन बंद, किल्ली बाहेर, आणि बॅटरीची ऋण टर्मिनलची तार सर्वांत आधी सोडून बाजूला ठेवावी. ती परत जोडायची सर्वांत शेवटी. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण तो दिव्यासाठी नसून तारेसाठी असतो. तारेला सोसेल त्याहून मोठा फ्यूज टाकणे म्हणजे फ्यूज नसल्यासारखेच.

डिमरवर दोन बाजू लिहिलेल्या असतात: एक वीज आत येण्याची, एक बाहेर जाण्याची. धन आणि ऋण खुणा पाहूनच जोडावे. इथे एक फसवी जागा आहे. गाडीत ऋण तार बहुधा वेगळी ओढत नाहीत, लोखंडी बॉडीलाच जोडून मोकळे होतात. पण बाजारातले पुष्कळ डिमर ऋण बाजूच चालू-बंद करतात. दिव्याची ऋण तार बॉडीला लावली, तर वीज डिमरला वळसा घालून निघून जाते आणि दिवा पूर्ण तेजाने पेटतच राहतो. लोक म्हणतात, डिमर खराब निघाला. खराब काहीच नसते. डिमरपासून दिव्यापर्यंत दोन्ही तारा स्वतंत्र न्याव्यात, म्हणजे झाले.

गाडी हादरते, हे घरात आणि गाडीत मोठे अंतर. पिळ देऊन काळी टेप गुंडाळलेला जोड घरात वर्षानुवर्षे टिकल्यासारखा वाटेल. गाडीत तो सुटतो. थिंबल दाबून पक्का जोड करावा. तार अनेक बारीक तारांची, लवचिक असावी. पत्र्याच्या भोकातून ती नेताना भोकाला रबरी कडे बसवावे. पत्र्यावर घासून आवरण फाटले की तार बॉडीला टेकते, आणि झोपलेल्या माणसांच्या गाडीत आग लागायला एवढे कारण पुरते. हाताला सवय नसेल तर हे काम गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. पण फ्यूज कुठे बसवला, हे त्याला जरूर विचारावे. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांना मात्र डिमर लावू नये. ते दिवे इतरांनी आपल्याला पाहावे यासाठीही असतात, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याचीही आडकाठी आहे.

स्वस्त डिमरचा आणखी एक गुण रेडिओ ऐकणाऱ्यांना लवकर कळेल. त्याच्या झपाट्याच्या चालू-बंदमुळे रेडिओत गुणगुण येऊ शकते. डिमर आणि त्याच्या तारा एरिअलपासून दूर ठेवल्या की ती पुष्कळ कमी होते.

फायदाही मोजून घ्या. वीस वॅटची पट्टी आठ तास पूर्ण तेजाने जळाली, तर बॅटरीतून सुमारे तेरा ॲम्पिअर-अवर जातात. चौथाईवर ठेवली, तर सव्वातीनच्या आसपास. आणि डोळ्याचा हिशेब विजेच्या हिशेबापेक्षा उदार असतो: चौथाई वीज मिळाली तरी त्याला जवळजवळ अर्धा उजेड भासतो. इंजिन बंद करून मुक्काम केलेली गाडी सकाळी एका किल्लीत सुरू होते ती अशा बचतीने.

काम झाल्यावर गाडी अंधारात उभी करावी आणि चालकाच्या जागेवर बसून समोरच्या काचेत पाहावे. मागचा दिवा काचेत दिसेनासा होईल तिथवर बटण खाली आणावे आणि त्या जागी रंगाचा एक ठिपका द्यावा. गाडी निघाली की बटण त्या ठिपक्यावर, हा नियम साऱ्या मंडळींना सांगून ठेवावा. मागे चेहऱ्याचा रंग पुसणाऱ्याला थोडा कमी उजेड चालतो. पुढे बसलेल्याला रस्ता दिसलाच पाहिजे.