शाळेच्या अंगणातले कमळ



पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत निसर्ग मंडळाची मुले धापा टाकत ऑफिसात आली. अंगणातल्या तिसऱ्या टबात कमळ उमलले होते. त्या दिवशी प्रार्थना जरा उशिरा सुरू झाली, हे विश्वस्त मंडळासमोर कबूल करून टाकतो. नंतर आठवडाभर मुलांना सोडायला येणारे पालक टबाजवळ थांबत आणि विचारत, हे घरी लावता येईल का? डास होत नाहीत का? उन्हाळ्यात पाणी कुठून आणता? पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या पालकांचे प्रश्न सारखेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहोत. यात आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती वाचल्याशिवाय कृपया कोणी पान उलटू नये.

आधी नावांचा घोळ मिटवू. बाजारात कमळ म्हणून जे फूल मिळते ते पुष्कळदा कमळ नसतेच, ती कुमुदिनी म्हणजे पोयणी असते. ओळख सोपी आहे. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर लोळते. कमळाचे पान अखंड गोल, देठ बरोबर मध्ये, उलट्या छत्रीसारखे, आणि झाड जोमात आले की पाने पाण्याच्या वर उभी राहतात. कमळाच्या फुलात मध्यभागी शॉवरच्या झाऱ्यासारखा पिवळा गोळा दिसतो, त्यातच पुढे बिया धरतात. ज्याला आपण नीलकमळ म्हणतो ती निळी कुमुदिनीच. घरोघरी रात्री फुलणारे ब्रह्मकमळ तर अमेरिका खंडातून आलेले एक निवडुंग आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. आणि उपासाला खातो तो मखाणा कमळाच्या बियांचा नव्हे, बिहारच्या मिथिलेतल्या तळ्यांत वाढणाऱ्या वेगळ्याच काटेरी पाणवनस्पतीचा. गंमत अशी की कमळाचे जवळचे नातेवाईक कुमुदिनीत सापडत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुके तपासली तेव्हा कमळाची सोयरीक निघाली काश्मीरच्या चिनार वृक्षाशी!

आता लागवड. कमळ दोन प्रकारे लावता येते, बियांपासून आणि कंदापासून. मुलांना बियांची मजा जास्त, पण फुलासाठी एक-दोन वर्षे धीर धरावा लागतो. कंद लावला तर त्याच पावसाळ्यात फूल येऊ शकते.

बी म्हणजे पूजेच्या दुकानातले कमळगट्टे. माळेतले घेऊ नका, त्यांना आरपार भोक पाडलेले असते, ते रुजणार नाहीत (आम्ही आधी तेच आणले होते). सुटे, काळे, टणक बघून घ्यावे आणि पाण्यात टाकून पाहावेत; तरंगतील ते बाजूला काढावेत. या बियांचे कवच इतके पक्के असते की पाणी आत शिरतच नाही. चीनच्या ईशान्येकडील एका आटलेल्या तळ्याच्या गाळातले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवून दाखवले, त्याचा अहवाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. चालुक्यांच्या काळातले बी आजच्या ग्लासात रुजावे, तसेच हे झाले. आपल्याला इतका वेळ नाही, म्हणून बी खरखरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासायचे. काळे कवच जाऊन आतला पांढुरका थर दिसला की लगेच थांबायचे. मग बी काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून उन्हाच्या खिडकीत ठेवायचे आणि रोज पाणी बदलायचे. एक-दोन दिवसांत बी फुगून दुप्पट होते, आठवड्याच्या आत हिरवा कोंब बाहेर येतो. हे काम होळीच्या सुमारास करावे, तेव्हाची ऊब त्याला मानवते. तीन-चार पाने आणि पांढऱ्या मुळ्या दिसल्या की रोप मातीत.

कंद हवा असेल तर तो माघ-फाल्गुनात मिळतो, कारण थंडीत पाने वाळून झाड जमिनीखाली झोपलेले असते. गावच्या तळ्यात उतरून कंद उपटू नका. तळी ग्रामपंचायतीची असतात, बहुधा मासेमारीसाठी ठेक्याने दिलेली असतात, आणि गाळात पाय रुतण्याचा धोका वेगळाच. ज्यांच्याकडे टबात कमळ आहे त्यांच्याकडून मागून घ्यावा. कंदाच्या टोकाला जो टोकदार कोंब असतो तोच त्याचा जीव. तो मोडला तर कंद बहुधा कुजतो. आमच्या चौथीच्या वर्गाने एक कंद हातोहात फिरवून पाहिला, आणि तो शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत त्याचा कोंब गेलेला होता.

भांडे पसरट आणि गोल असावे, साधारण ६० सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर खोल, आणि बुडाला भोक नको. गोलच का? कमळाचा कंद भिंतीला लागून धावत सुटतो. चौकोनी टाक्यात तो कोपऱ्यात अडकून बसतो. मातीच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान. शहरांतले लोक कमळासाठी चिकणमाती शोधत हिंडतात, आपल्याकडे कपाशीच्या शेतातली काळी माती आहे! तीच १५ ते २० सेंटीमीटर भरावी. शेणखत घालायचेच तर जुने, पूर्ण कुजलेले, ओंजळभर, आणि तेही अगदी तळाशी. ताजे शेण किंवा पालापाचोळ्याचे खत घातले तर ते वर तरंगते, पाणी सडते, हिरवे होते. कंद आडवा ठेवायचा, कोंब थोडा वर, आणि कंद तरंगू नये म्हणून त्यावर एक चपटा दगड. सुरुवातीला मातीवर चार बोटे पाणी पुरे. पाने वाढतील तसे पाणी वाढवत न्यावे.

टब कुठे ठेवायचा हे सर्वांत महत्त्वाचे. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवे. आमचा पहिला टब कडुनिंबाखाली होता, मुलांना सावलीत उभे राहून पाहता यावे म्हणून. त्याला वर्षभर पानेच आली. उन्हात हलवला आणि पुढच्या पावसाळ्यात कळी धरली.

पहिली पाने पाण्यावर तरंगतात. उभी पाने येऊ लागली की खत द्यायचे, त्याआधी नाही. अर्धा चमचा डीएपी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून बोटाने मातीत खोल खोचायचे, महिन्यातून एकदा. पाण्यात विरघळू दिले तर शेवाळ माजते आणि मासे मरतात. जास्त झाले तर पानांच्या कडा करपतात. मावा आला तर पाण्याची जोरदार धार मारावी. कीटकनाशक फवारू नये. पिवळे पान कापायचे तर देठ पाण्याच्या वर कापावा. देठात हवेच्या नळ्या असतात, त्या थेट कंदापर्यंत जातात. पाण्याखाली कापले तर त्यातून पाणी कंदात शिरते. देठ हळूच मोडून दोन्ही तुकडे लांब केले की मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात. म्यानमारमधील इनले सरोवराकाठी याच तंतूंचे कापड विणतात.

पानावर पाणी टाकून पाहण्याचा खेळ तर मुले मधल्या सुटीत रोज खेळतात. पाण्याचे मोती होतात आणि घरंगळताना धूळ सोबत घेऊन जातात. अळवावरचे पाणी आपण म्हणतो तेच इथे दिसते, आणि गीतेच्या पाचव्या अध्यायात आलेली कमळाच्या पानाची उपमा हीच. पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे असंख्य उंचवटे असतात, त्यांच्या टोकांवरच थेंब टेकतो, पानाला चिकटतच नाही. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९९७ साली मांडले, आणि मग स्वतःच स्वच्छ राहणारे रंग व काचा बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

फूल तीन-चार दिवस टिकते. पहाटे उघडते, दुपारच्या आत मिटते, शेवटी पाकळ्या गळतात. त्याहून नवल म्हणजे फूल स्वतः गरम राहते. ऑस्ट्रेलियातील रॉजर सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ साली दाखवून दिले की बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी कमळाच्या फुलाच्या आत ३० ते ३६ अंश तापमान राहते. या उबेला परागीभवन करणारे भुंगेरे येतात. भुंगा कमळात रात्रभर अडकतो असे आजी सांगायची, ते उगीच नव्हते.

आता डासांचे. पालकांची ही काळजी अगदी रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून मासे सोडल्याशिवाय टबात पाणी ठेवायचेच नाही, असा आमचा नियम आहे. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा छोटा देशी मासा असतो, त्याला डासांच्या अळ्या फार आवडतात. गप्पी किंवा गॅम्बुशिया हे परदेशी मासेही ते काम करतात, पण ते टबातच राहावेत, नदी-नाल्यात कधीही सोडू नयेत. शिवाय या डासाची अंडी भांड्याच्या कडेला कोरडीही महिनोन्महिने जिवंत राहतात, तेव्हा पाणी खाली गेले की टबाची आतली बाजू ब्रशने घासावी. आणखी एक, बालवाडीतल्या मुलांसाठी एवढे पाणीही धोक्याचे आहे, म्हणून आमच्या टबांभोवती जाळी आहे. घरी लहान मूल असेल तर जाळीशिवाय टब ठेवू नये.

पाण्याचा प्रश्न पालकसभेत जरा तापला होता. मे महिन्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत असताना फुलांचे लाड कशाला, असे एका पालकांनी विचारले. आम्ही आठवीच्या मुलांना गणित घातले. ६० सेंटीमीटर व्यासाच्या टबातले पाणी दिवसाला एक सेंटीमीटर उतरले, तर सुमारे २.८ लिटर होते. पाच टबांचे १४ लिटर, म्हणजे एक बादली. ती बादली आम्ही पिण्याच्या माठांखाली सांडणाऱ्या पाण्यातून भरतो, आणि आता माठांखाली मुद्दाम तसराळे ठेवले आहे. मेमध्ये फुलांचा हट्ट धरत नाही, झाड जगले पाहिजे एवढेच पाहतो. त्या पालकांचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. पण आता त्यांच्या घरीही एक टब आहे.

आता आमची चूक. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी प्रेमाने एक रोप आणून दिले. फुगीर देठांचे, पाण्यावर तरंगणारे, जांभळ्या फुलांचा तुरा असलेले. आम्ही आनंदाने एका टबात सोडले आणि सुटी लागली. सुटीनंतर पाहतो तो पाणी दिसेना, सगळा टब हिरवा झाकलेला, खाली मासे मेलेले. ती जलपर्णी होती, हिंदीत जिला जलकुंभी म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलासाठी बंगालमध्ये आलेली. सौंदर्यासाठीच आणली होती तीही! पोषक पाण्यात ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. सूर्यप्रकाश अडतो, पाण्यातला प्राणवायू संपतो.

चूक एवढ्यावर संपत नाही. मुलांना आम्हीच सांगितले, जास्तीचे काढून मागच्या नाल्यात टाका. घमेली भरून निघालीही होती. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, नाला कुठे जातो?" नाला जातो जाम नदीला. जामचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला, आणि वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते. खाली वैनगंगेवर गोसेखुर्दच्या फुगवट्यात जलपर्णीने मासेमारांचे काय हाल केले आहेत, हे भंडाऱ्याच्या नातेवाइकांना विचारा. नागपूरच्या अंबाझरी तलावातूनही ती यंत्रे लावून काढावी लागली. आणि आम्ही मुलांच्या हाताने ती आपल्या नदीत सोडायला निघालो होतो. घमेली परत फिरवली. सगळे सिमेंटच्या ओट्यावर पसरून कडक उन्हात आठ दिवस वाळवले, मग खताच्या खड्ड्यात पुरले. टबातली मातीही वाळवली, पण तिचे बी चिखलात कितीतरी वर्षे टिकते, म्हणून त्या टबावर अजून लक्ष आहे. गेल्या पावसाळ्यात त्यात दोन रोपे पुन्हा दिसली.

भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आले. सहलीसाठी हे ठिकाण सुचवावे असे आमच्या मनात आहे. विश्वस्तांनी विचार करावा.

महाशिवरात्रीनंतरच्या पहिल्या शनिवारी आम्ही टब रिकामे करून कंद सुटे करणार आहोत. एका टबातून सात-आठ तरी निघतील. ज्यांना हवे असतील त्यांनी आपले नाव मुलांजवळ कळवावे, आणि त्या दिवशी ओले फडके व टोपली घेऊन यावे. कंद पिशवीत कोंबू नये, कोंब मोडतो. बदल्यात काही आणायचेच असेल तर काळी माती आणावी. पाण्यावर तरंगणारे कुठलेही रोप मात्र, कितीही सुंदर असले तरी, आधी आम्हाला दाखवावे.