दार उघडे, वाट अनोळखी

अमेरिकेतल्या कॉलेजात सत्राच्या पहिल्याच तासाला प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या हाती एक पत्रक देतात. त्याला ते ‘सिलॅबस’ म्हणतात. पण आपल्याकडच्या अभ्यासक्रमाच्या यादीपेक्षा त्यात बरेच काही असते. हजेरीचे नियम, गुणांची वाटणी, निबंध कोणत्या तारखेला द्यायचा, उशीर झाला तर किती गुण कापले जातील, असा तो एक करारनामाच असतो. त्यात एक ओळ ठरलेली असते : ‘ऑफिस अवर्स – मंगळवार व गुरुवार, दुपारी दोन ते तीन.’ घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारे कितीतरी विद्यार्थी या ओळीचा अर्थ असा लावतात, की या वेळात सर आपल्या कामात असतात, तेव्हा त्यांच्या खोलीकडे फिरकायचे नाही. खरा अर्थ नेमका उलटा आहे. ती वेळ विद्यार्थ्यांनी येऊन शंका विचारण्यासाठीच राखून ठेवलेली असते. पण ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, तोच विद्यार्थी बंद दार पाहून निघून जातो.

हे केवळ परदेशातून आलेल्या मुलांचे होत नाही; ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांचेही होते. शब्द कळतात, संस्थेची भाषा कळत नाही. आणि हे अंतर जिथे सर्वांत जास्त जाणवते ती जागा म्हणजे तिथली कम्युनिटी कॉलेजे.

या कॉलेजांचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. शिकागोजवळच्या जॉलिएट या गावी १९०१ साली शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि गावच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांच्या कल्पनेतून अवघ्या सहा विद्यार्थ्यांचा एक वर्ग सुरू झाला. घर न सोडता कॉलेजची पहिली दोन वर्षे गावातच करावीत, पुढे विद्यापीठात जावे, एवढाच साधा विचार त्यामागे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे असे सुचवले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. फी चार वर्षांच्या विद्यापीठांपेक्षा पुष्कळ कमी. प्रवेशाला गुणांची अट बहुतेक ठिकाणी नाहीच. कारखान्यातला कामगार, नुकताच देशात आलेला स्थलांतरित, दोन मुलांची आई, शाळेत मागे पडलेला मुलगा, कोणीही यावे. ‘उघड्या दाराचे कॉलेज’ असेच त्याचे वर्णन केले जाते, आणि ते खोटे नाही.

मात्र दार उघडे असले, तरी आत गेल्यावर वाट कोणत्या बाजूला आहे हे कळतेच असे नाही.

एक साधा हिशेब पाहा. दोन वर्षांच्या ‘असोसिएट’ पदवीसाठी साधारण साठ क्रेडिट लागतात. दोन वर्षांची चार सत्रे. म्हणजे सत्राला पंधरा. पण सरकारी मदतीच्या नियमात बारा क्रेडिट घेतले तरी विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ ठरतो. पूर्णवेळ म्हटल्यावर दोन वर्षांत पदवी मिळणार, अशी कोणाचीही समजूत होईल. बारा चोक अठ्ठेचाळीस. उरलेली बारा क्रेडिट कुठून आणायची हे त्याला दोन वर्षे संपत आली की कळते. यात कोणी त्याला फसवलेले नसते. सगळे नियम छापलेले असतात. फक्त गुणाकार करून दाखवणारे कोणी नसते.

दुसरी गोष्ट प्रवेशावेळच्या चाचणीची. गणित आणि इंग्रजी किती येते हे पाहण्यासाठी अनेक कॉलेजे नव्या विद्यार्थ्याची परीक्षा घेत. ही औपचारिकता आहे असे समजून मुले तयारी न करता बसत आणि त्या तासाभरात त्यांचे पुढचे वर्ष ठरून जाई. कमी गुण पडले की पायाभूत वर्गात रवानगी. त्या वर्गाची फी भरायची, वेळ द्यायचा, पण त्याचे क्रेडिट पदवीत धरले जात नसे. कित्येकांची वाटचाल या वर्गांतच थांबली. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून अशा चाचणीऐवजी हायस्कूलचे गुण पाहायला सांगितले, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट पैशाची. ‘पेल ग्रँट’ ही गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत परत करावी लागत नाही. २०२४-२५ या वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. तिच्यासाठी ‘फॅफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो. तो भरायला पैसे पडत नाहीत, पण त्यात आईवडिलांच्या प्राप्तिकराचे तपशील लागतात आणि त्या प्रश्नांची लांबलचक यादी पाहून अनेकांचा धीर सुटत असे. पुढे सरकारने तो अर्ज बराच छोटा केला. परंतु एरवी ऑक्टोबरात खुला होणारा हा नवा अर्ज २०२३ साली डिसेंबर संपता संपता आला, त्यात चुका निघाल्या आणि त्या वर्षी लाखो कुटुंबे खोळंबली. शिवाय मदत मिळाली म्हणजे संपले असेही नाही. सत्राचा साठ टक्के काळ पूर्ण होण्याआधी विद्यार्थ्याने कॉलेज सोडले, तर मदतीचा काही भाग परत करावा लागतो. आई आजारी पडली म्हणून पाचव्या आठवड्यात घरी बसलेल्या मुलीला हे ठाऊक नसते. ती नुसती यायची थांबते. विषय रीतसर सोडला असता, तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ हे अक्षर आले असते. न सांगता थांबल्याने ‘एफ’ येते, म्हणजे नापास. वर कॉलेजचे देणेही नावावर चढते.

मी तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. त्यांतली सुरुवातीची वर्षे तालुक्याच्या गावी. तिथे एक वाक्य रोज कानावर पडे : ‘साहेब, चष्मा घरी राहिला, तेवढी स्लिप भरून द्या.’ काही दिवसांतच लक्षात येई, की त्यांतल्या निम्म्या लोकांपाशी चष्मा नाहीच. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा चष्मा विसरलो म्हणणे माणसाला सोपे जाते. भिंतीवर स्लिप कशी भरावी याचा नमुना मोठ्या अक्षरांत लावलेला असे. त्याकडे कोणी पाहत नसे. गावकरी थेट आमच्या शिपायाकडे जात, कारण तो बाकावर शेजारी बसे, ‘इथं नाव, इथं रक्कम, इथं सही’ असे बोट ठेवून दाखवी. शाखाधिकारी बदलून जात. त्याची आठवण गाव काढत असे. कॉलेजातल्या पोरांचाही असा एक चष्मा असतो. ‘वेळ नव्हता’, ‘बस चुकली’, ‘मला त्याची गरजच नाही’ ही त्याची नावे.

हा बाकावरचा अनुभव अमेरिकेत रीतसर तपासला गेला आहे. २००८ साली एरिक बेटिंजर, ब्रिजेट टेरी लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एच अँड आर ब्लॉक’ या करविवरणे भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत एक प्रयोग केला. विवरण भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा मदतीचा अर्ज तिथेच, त्याच माहितीवरून, काही मिनिटांत भरून दिला. दुसऱ्या गटाला तुम्हाला किती मदत मिळू शकेल याचा अंदाज आणि लेखी माहिती दिली. अर्ज मात्र त्यांनी आपला आपण भरायचा होता. पुढच्या तीन वर्षांत पहिल्या गटातल्या, हायस्कूल संपवत असलेल्या मुलांमध्ये कॉलेजची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या गटावर, ज्यांना फक्त माहिती दिली त्यांच्यावर, म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. नंतर आठ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना हाच अर्ज भरण्याची आठवण करून देणारे संदेश पाठवण्याचा एक प्रयोग झाला. त्याचेही फळ शून्य. पत्रक, फलक, मोबाइलवरचा संदेश ही सगळी भिंतीवरच्या नमुना स्लिपची भावंडे आहेत.

मग कशाने फरक पडतो? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एएसएपी’ नावाची योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि आपल्या सल्लागाराला नियमाने भेटायचे, ही अट. बदल्यात मदत वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तके, आणि मेट्रो-बसचा पास. पण योजनेचा प्राण सल्लागारात होता. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी विद्यार्थी. तुलनेसाठी घेतलेल्या इतर विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणाऱ्या एका सल्लागारामागे सहाशे ते पंधराशे. एमडीआरसी या संशोधनसंस्थेने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून पाहणी केली. २०१५ साली निष्कर्ष आले : तीन वर्षांत पदवी मिळवणारे योजनेबाहेर २२ टक्के, योजनेत ४० टक्के. एका विद्यार्थ्यामागचा खर्च अर्थातच वाढला. पण एका पदवीमागचा खर्च कमी झाला, कारण अर्ध्यावर सोडून जाणारे कमी झाले. बुडीत कर्जांची खाती ज्याने पाहिली आहेत त्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना असे बोट धरून किती दिवस चालवायचे? आपले आपण धडपडतील तर शिकतील. ऐकायला हे बरे वाटते. पण सुशिक्षित घरातला मुलगा खरोखर आपला आपण धडपडतो का? त्याचा अर्ज वडील तपासतात, कोणता विषय घ्यावा हे मावशी सांगते, फेरतपासणीची मुदत मामाच्या मित्राला माहीत असते. त्याला सल्लागार मिळत नाही असे नाही. तो घरातच जेवणाच्या ताटावर मिळतो, म्हणून दिसत नाही. ज्याच्या घरात असा मामा नाही त्याला कॉलेजने मामा पुरवावा, एवढीच ही मागणी आहे.

हे सगळे इथे लिहिण्याचे कारण असे, की तीच क्रेडिटची भाषा आता आपल्या दारी आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून श्रेयांकांची नवी रचना लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आता तालुक्याच्या कॉलेजातही ऐकू येतात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. नावात बँक आहे; पण या बँकेला काउंटर नाही, आणि बाकावर बसणारा शिपाईही नाही.

पैशाचेही तसेच. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज, त्याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि कॉलेजची मंजुरी. एवढे सगळे पार पडून रक्कम सुटते आणि मुलगा म्हणतो, ‘पैसे आलेच नाहीत.’ पुष्कळदा ते आलेले असतात, पण दुसऱ्या खात्यात. आधार क्रमांकावरून जाणारी रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारच्या नोंदीत त्या क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव असेल तिथे जाते, आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. मुलाने मध्यंतरी शहरात नवे खाते उघडले आणि आधार जोडायला संमती दिली, की नोंद बदलते. हे बँकेतल्या कोणत्याही कारकुनाला माहीत असते. ज्याची फी अडली आहे त्या मुलाला माहीत नसते.

आपल्याला हा विचार परका नाही. ट्रुमन आयोगाचा अहवाल आला त्याच १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेने गरिबांच्या मुलांची सोय लावली. त्याआधी १९२४ पासून साताऱ्यात त्यांचे वसतिगृह होतेच. तिथे राहण्या-जेवणाबरोबर अडल्या वेळी विचारायला एक माणूसही होता. पुढे कॉलेजे वाढली, इमारती वाढल्या, अर्ज संगणकावर गेले. तो माणूस मात्र प्रत्येक कॉलेजात उरलाच असे म्हणता येणार नाही.

त्याला परत आणायला फार मोठी योजना लागत नाही. प्रवेशाच्या आणि परीक्षा-अर्जाच्या महिन्यांत कार्यालयाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडाव्यात. समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी. गेल्या वर्षी याच अर्जांतून गेलेली दुसऱ्या वर्षाची मुले तिथे बसवावीत. एनएसएसचे तास त्यांना द्यावेत. आठवड्यातून एक दिवस जवळच्या बँकेतून कोणी यावे. निवृत्त माणसे गावोगावी आहेत आणि दुपारी मोकळीच असतात. येणाऱ्या मुलाने काय विचारावे हे त्याला ठाऊक नसणारच, म्हणून पहिला प्रश्न बसलेल्याने विचारावा : ‘कागद काय काय आणलेस? बघू, दोघे मिळून भरू.’