कावेरीकाठची नोंदवही

बंगळूरुपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कावेरीच्या काठी गालिबोरे हे रम्य ठिकाण आहे. एकेकाळी हौशी मत्स्यप्रेमी येथे नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून तासन्‌तास बसत. त्यांना ओढ असे ती बलदंड महाशीर माशाची. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली पकडलेल्या १२० पौंडी महाशीराची कथा प्रत्येकाला ठाऊक असे.

मात्र येथील शिस्त निराळी होती. पकडलेल्या माशाचे वजन करायचे, वहीत नोंद करायची आणि त्याला सुखरूप पाण्यात सोडायचे. १९९८ ते २०१२ या काळात येथे ६,१६१ महाशीरांची नोंद झाली. अभयारण्याच्या नियमांमुळे २०१२ साली हा छंद थांबला. वह्या मात्र उरल्या.

शास्त्रज्ञांनी २०१५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एक चिंताजनक बाब उघड झाली. महाशीरांची एकूण संख्या वाढत होती, पण ती निळ्या पराच्या जातीची. लोणावळ्याच्या टाटा मत्स्यबीज केंद्रात वाढविलेली ही जात पूर्वी सद्भावनेनेच कावेरीत सोडण्यात आली होती. कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मात्र दुर्मीळ होत चालला होता. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश झाला.

एकूण जमा वाढत असतानाही मूळ ठेव घटत होती. हौशी माणसांनी निष्ठेने लिहिलेल्या नोंदींमुळेच ते जगाला कळले.