कातडीची नक्कल

उन्हापासून बचाव व्हावा म्हणून अंगाला मलम चोपडण्याची जी चाल हल्ली पडली आहे, त्या मलमांपैकी पुष्कळांत टायटॅनियमच्या अथवा जस्ताच्या ऑक्साइडचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांचे मोजमाप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात करावे लागते. आणि हे कण कातडीवरच मुक्काम करतात की आत शिरकाव करून घेतात, अशी शंका कोणालाही येईल. खुद्द कातडीलाच ती विचारावी, तर घाम, केस, रोमरंध्रे आणि रक्तवाहिन्या अशा एकदम साक्षी देऊ लागतात, की कोणाचा जबाब ग्राह्य धरावा हे कळेनासे होते. म्हणून संशोधकांनी पेशीच्या पटलाचीच नक्कल करण्याची तजवीज काढली.

या नकलेचे मूळ १९२५ सालच्या हॉलंडात, लायडन येथे सापडते. गोर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. अर्थात पेशीचे आवरण मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मौज अशी की मेद पुरता निघाला नव्हता आणि पृष्ठफळही कमीच धरले गेले होते. परंतु या दोन चुकांची परस्पर वजावट होऊन उत्तर मात्र बरोबर आले. एखाद्या कारकुनाच्या किर्दीत असे घडते, तर त्याला बढती मिळाली असती की बडतर्फी, हे सांगवत नाही.

पुढे १९६४ च्या सुमारास केंब्रिजजवळ ॲलेक बँगहम यांना दिसून आले की पाण्यात हे मेद आपणहून मिटून पोकळ पिशव्या बनतात. अशा पिशवीत विशिष्ट रंगद्रव्य दाटीने भरले, तर त्याची चमक दबून राहते. कणांनी पटल भोसकताच ते बाहेर पसरून लखलखू लागते. धनभारित कण ऋणभारित पटलाला चिकटतात, क्वचित त्याला भोकेही पाडतात, हे अशा कृत्रिम पटलांवरच पाहता आले.

तथापि या पिशवीला कातडी समजणे धाडसाचे आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले लिंपलेली असतात. तेव्हा त्याच तीन द्रव्यांचे पटल बनवल्यावाचून नक्कल वठत नाही, आणि वठली तरी तिला केसांची मुळे नसतातच.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात, जस्ताचे ६८ अणुभाराचे समस्थानिक वापरून केलेले मलम माणसांना समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस लावले, तेव्हा त्या जस्ताचा अत्यल्प अंश त्यांच्या रक्तात व लघवीत आढळला. मात्र सबंध कणच आत गेले की ते विरघळून नुसते जस्त झिरपले, याचा निवाडा रक्ताला करता आला नाही. नकली पटलाच्या अलीकडे कण आणि पलीकडे केवळ स्वच्छ पाणी ठेवले, तर त्या पाण्यात कण उतरले की विरघळलेले जस्त, एवढे तरी तपासून पाहता येते.