मीम कसं घडतं? लेखांक ५ : बाटलीतलं कारंजं

एखादा व्हिडिओ लाखोंनी पाहिला म्हणून त्याचं मीम होत नाही, लोकांनी तो उचलून आपापल्या परीनं पुन्हा करावा लागतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे डाएट कोक आणि मेंटॉस.

जून २००६. अमेरिकेच्या मेन राज्यातलं बकफील्ड हे छोटंसं गाव. फ्रिट्झ ग्रोब हा जगलर आणि स्टीफन व्होल्ट्झ हा वकील, दोघे पांढरे कोट घालून उभे. समोर डाएट कोकच्या दोन-दोन लिटरच्या १०१ बाटल्या, सोबत मेंटॉसच्या ५२३ गोळ्या. गोळ्या पडतात आणि लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलपुढच्या कारंज्यांसारखा फेस तालावर उसळू लागतो. हा वेडेपणा किती नेमकेपणानं बसवलाय, हे पाहून मला आजही कौतुक वाटतं.

युक्ती मात्र जुनीच. अमेरिकेतले विज्ञानशिक्षक १९८० च्या दशकात लाइफसेव्हर्सच्या गोळ्या वापरून ती वर्गात दाखवत. पुढे त्या गोळ्यांचा आकार वाढला, त्या बाटलीच्या तोंडातून जाईनात, म्हणून मेंटॉस आल्या. १९९९ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमातही हा प्रयोग झाला. पण तेव्हा घरी कुणी करून पाहिलाच, तरी तो अंगणापुरताच राही. २००६ पर्यंत यूट्यूब आलेलं होतं आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्यातही व्हिडिओ निघू लागला होता.

आत घडतं काय? कोकमध्ये कार्बन डायऑक्साइड दाबाखाली विरघळलेला असतो. बुडबुडा धरायला त्याला आधार लागतो. मेंटॉसची गोळी हाताला गुळगुळीत लागते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती खड्ड्यांनी भरलेली दिसते. शिवाय ती जड असल्यानं झटकन तळाशी जाते, म्हणून तिथून उठणारे बुडबुडे वरचा सगळा द्रव ढकलत बाहेर काढतात. ॲपलाशियन स्टेट विद्यापीठाच्या टोन्या कॉफी यांनी २००८ मध्ये हे तपासलं. फवाऱ्याआधी आणि नंतर कोकची आम्लता तेवढीच भरली, म्हणजे आम्ल-अल्कलीची अभिक्रिया हे याचं कारण नव्हे. डाएट कोकमधलं ॲस्पार्टेम बुडबुडे धरणं आणखी सोपं करतं.

मीमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की १०१ बाटल्यांची नक्कल कुणीच करणार नव्हतं, पण एका बाटलीची कुणीही करू शकत होतं. सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं, निकाल काही सेकंदांत, आणि समजायला भाषा लागत नाही. त्यातच प्रत्येकाला वाटतं, माझा फवारा जास्त उंच जाईल. या ईर्ष्येनंच खेळ पसरला. मेंटॉसवाले लगेच खूश झाले. कोका-कोला सुरुवातीला थंड होती, पण त्याच वर्षी ग्रोब-व्होल्ट्झ यांच्या दुसऱ्या व्हिडिओला तिनंही पाठबळ दिलं.

नक्कल करायला सोपी असलेली प्रत्येक गोष्ट इतकी निरुपद्रवी नसते. चमचाभर दालचिनीची पूड पाण्याशिवाय गिळण्याच्या आव्हानानं अमेरिकेत अनेक मुलांना रुग्णालयात पोचवलं. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.