एकवीस दिवसांची रजा आणि नव्वद दिवसांची जखम



नेपरव्हिलमधील आपल्या घरांत हल्ली मुलांच्या शाळेइतकीच आई-वडिलांच्या गुडघ्यांची चर्चा होते. गेल्या वर्षी नागपुरात माझ्या वडिलांच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवण्यात आला. मी एकवीस दिवसांची रजा घेऊन गेलो होतो. टाके निघाले, वडील वॉकर धरून अंगणापर्यंत चालू लागले आणि मी निश्चिंत मनाने परतलो. पाचव्याच दिवशी आईने व्हिडिओ कॉलवर ओली झालेली पट्टी दाखवली. गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागला.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. अमेरिकेच्या सीडीसीच्या मोजणीत गुडघ्याचा सांधा बदलल्यावर होणाऱ्या खोल जंतुसंसर्गावर ९० दिवस लक्ष ठेवले जाते. माझ्या रजेचा हिशेब विमानाच्या तिकिटावरून ठरला होता.

१९९१ साली प्रसिद्ध झालेला एक जोखीम-निर्देशांक तर संगणकवाल्याला भुरळ पाडील इतका सुटसुटीत आहे. भूलतज्ज्ञांच्या श्रेणीत रुग्णाची प्रकृती तिसऱ्या किंवा त्याहून गंभीर पायरीवर आहे काय? जखम दूषित आहे काय? त्या प्रकारच्या चारपैकी तीन शस्त्रक्रियांना लागतो त्याहून अधिक वेळ लागला काय? प्रत्येक होकाराला एक गुण. परंतु घरात घडणाऱ्या गोष्टी या तीन प्रश्नांत थेट दिसत नाहीत.

वडिलांनी डॉक्टरांना ‘थोडी शुगर आहे’ एवढेच सांगितले होते. साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या काळात ती २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावी, असे सीडीसीची २०१७ची मार्गदर्शिका सांगते, मधुमेह नसलेल्यांसाठीही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मग आपल्या ज्येष्ठांनी तो लपवावा कशासाठी? खर्ऱ्याची गोष्टही वडिलांनी दडवली. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी मिळतो.

आदल्या रात्री त्यांनी वस्तऱ्याने पाय गुळगुळीत करून घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस नेमकी उलट आहे : केस काढूच नयेत, अगदी आवश्यक असल्यास क्लिपरने कापावेत. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि तेथे जंतू वाढतात. वडिलांना मी दोष देत नाही. आपल्या स्वच्छतेकडे कोणी बोट दाखवू नये, ही त्या पिढीच्या मनातील जुनी सल मी ओळखतो.

यांपैकी नेमके काय भोवले, हे सांगता येत नाही. रुग्णालयाचीही जबाबदारी असतेच : प्रतिजैविक चीर देण्यापूर्वी, योग्य वेळी दिले गेले काय, शस्त्रक्रियेत शरीर उबदार राखले गेले काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मी विचारले नव्हते. परदेशातून आलेला मुलगा बिल भरण्यात आणि औषधे आणण्यातच गुंतलेला असतो.

वडील आता चालतात, मात्र जिना टाळतात. येत्या जानेवारीत आईचा गुडघा आहे. या वेळी आम्ही भावंडांनी रजा वाटून घेतली आहे. धाकटा आधीचा महिना तिच्याजवळ राहून साखर तपासून घेईल, शस्त्रक्रियेला मी असेन, आणि मी परतल्यावर बहीण पुण्याहून येऊन एप्रिलपर्यंत थांबेल.